अनामत



मराठीच्या तासाला नवा शब्द आला, की तुम्ही त्याचा अर्थ वहीत लिहून घेता. पण काही मराठी शब्दांचा अर्थ तुम्हांला कोणी सांगावा लागत नाही. कागद, शाई, दौत, कलम, दप्तर, हजेरी, रजा, खबर हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि मराठीचेच होऊन राहिले. शाई म्हणजे तुमची सियाही. दौत म्हणजे दवात. असाच एक शब्द आहे 'अनामत'. हा शब्द म्हणजे आपल्या घरी रोज बोलला जाणारा 'अमानत'.

हा शब्द कोठे ऐकू येतो? सार्वजनिक वाचनालयात. तेथे सभासद होताना थोडी वर्गणी द्यावी लागते आणि काही रक्कम अनामत म्हणून ठेवावी लागते. वर्गणी खर्च होते. अनामत मात्र जपून ठेवली जाते आणि सभासदत्व सोडताना परत मिळते. म्हणजे वाचनालय आपल्याकडून एक लहानशी अनामत घेते. पण ते आपल्या हाती जी अनामत देते, ती केवढी मोठी असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज त्याविषयीच मला तुमच्याशी बोलायचे आहे.

आमचे साखरखेर्डा हे बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यातले मोठे गाव. आजूबाजूला सोयाबीन, कापूस आणि तुरीची शेते. अशा गावांतून जे वाचनालय असते, ते काही राजवाड्यासारखे नसते. दोन खोल्या, लोखंडी कपाटे, मध्ये एक लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रे, भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी आणि दारावर 'शासनमान्य सार्वजनिक वाचनालय' अशी पाटी. मी ज्या वाचनालयाविषयी लिहीत आहे, तेही असेच आहे.

सकाळी कुलूप निघाले, की पहिल्यांदा येतात ती वडीलधारी माणसे. ती चश्मा पुसून अग्रलेखापासून वाचायला सुरुवात करतात. मग एखादा शेतकरी येतो. त्याला फक्त बाजारभावाचे पान हवे असते. सोयाबीनचा भाव पाहून तो दोन मिनिटांत निघून जातो. त्याच्यानंतर येतात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले. पहाटे धावून आलेली असतात, कपाळावर घाम असतो, आणि सामान्यज्ञानाचे एकच पुस्तक चौघे मिळून वाचतात. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेले लोकही घटकाभर टेकतात. पंखा असतो, माठात थंड पाणी असते. कोणी त्यांना 'तुम्ही कोण?' असे विचारत नाही.

हा न विचारला जाणारा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. दुकानात गेलो तर काही विकत घ्यावे लागते. कचेरीत गेलो तर काम सांगावे लागते. वाचनालयात मात्र नुसते बसून वाचता येते. वाचणारा म्हणून आलात, एवढी ओळख तेथे पुरते.

तुम्ही विचाराल, याचा खर्च कोण करतो? आपल्या राज्यात १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. या कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळू लागले. पण आपल्याकडची पद्धत अशी, की गावात वाचनालय बहुतेक वेळा शासन काढत नाही. ते गावकरीच काढतात. चार माणसे एकत्र येतात, संस्थेची नोंदणी करतात, जागा मिळवतात, पुस्तके गोळा करतात. मग शासन त्या वाचनालयाला मान्यता देते आणि अ, ब, क किंवा ड असा वर्ग ठरवते. पुस्तके किती आहेत, सभासद किती आहेत, वर्तमानपत्रे किती येतात, वाचनालय किती तास उघडे असते, अशा गोष्टी पाहून हा वर्ग ठरतो. अनुदान त्या वर्गाप्रमाणे मिळते.

म्हणजे पाहा, कपाटातले एक पुस्तक तीन प्रकारच्या पैशांतून आलेले असते. थोडे देणगीतून, थोडे वर्गणीतून आणि बरेचसे शासनाच्या अनुदानातून. शासनाचा पैसा म्हणजे कोणाचा? तुमच्या आईने दुकानातून साबणाची वडी आणली, तरी त्या किमतीत कर असतो. तेव्हा त्या पुस्तकात तुमच्याही घरचा एखादा पैसा आहे. वाचनालयाच्या दारात पाऊल ठेवताना हे लक्षात असू द्या. आपण तेथे कोणाचे उपकार घ्यायला जात नाही.

आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. पहिला नियम अगदी साधा आहे. पुस्तके ही वापरासाठी असतात. तुम्हांला वाटेल, यात नवीन ते काय? पण एके काळी युरोपातील काही ग्रंथालयांत पुस्तके साखळीने कपाटाला बांधून ठेवत असत. पुस्तक जपणे म्हणजे ते कोणाच्या हाती न देणे, असा समज होता. रंगनाथन यांनी सांगितले, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट. तो आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक कसा मिळतो, याची एक गोष्ट सांगते. माझ्या वर्गातील एका मुलाने एकदा विचारले, "आपा, आमचे दादा या गावाला कधी कधी फत्तेखेर्डा म्हणतात. का?" मी त्याला उत्तर दिले नाही. वाचनालयातले इतिहासाचे कपाट दाखवले आणि म्हटले, "उत्तर तेथे आहे. शोधून वर्गाला सांग."

त्याचे मराठी वाचन संथ होते. एकेका ओळीवर बोट ठेवून तो वाचत असे. पण प्रश्न त्याचा स्वतःचा होता, म्हणून तो थकला नाही. पाच-सहा दिवसांनी तो वर्गात उभा राहिला आणि सांगू लागला. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे, म्हणजे त्या काळच्या शकरखेड्याजवळ, मोठी लढाई झाली. एका बाजूला निजाम-उल-मुल्क आणि दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान. मुबारिझ खान लढाईत मारला गेला. निजामाचा विजय झाला, म्हणून गावाला फत्तेखेर्डा हे नाव देण्यात आले. फत्ते म्हणजे फतह. या विजयानंतर दख्खनमध्ये निजामाची सत्ता पक्की झाली आणि हैदराबादचे राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकले.

वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आपले गाव पुस्तकात आहे?" त्या दिवसानंतर ते पुस्तक आठवडाभर कपाटात परत गेले नाही. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिले.

आपल्या जिल्ह्याची दुसरीही एक गोष्ट तुम्हांला ठाऊक असावी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. सगळा दोष स्त्रीलाच का लावतात, असा रोखठोक प्रश्न त्यांनी त्यात विचारला. महात्मा फुले यांनी त्यांची बाजू घेतली. परंतु पुढे हे पुस्तक लोक विसरून गेले. सुमारे ९० वर्षे त्याचे नाव फारसे कोणाच्या ओठांवर नव्हते. मग डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशित केले. आज भारतातल्या स्त्रियांच्या विचारांचा इतिहास लिहिताना ताराबाईंचे नाव घ्यावेच लागते.

हे कशामुळे शक्य झाले? जुनी एखादी प्रत कोठे तरी शिल्लक होती म्हणून. ती कोणी रद्दीत घातली नाही, तिला वाळवी लागू दिली नाही. ज्यांनी ती जपली, त्यांना पुढे तिचा उपयोग कोणाला होईल, हे माहीत असण्याचे कारण नव्हते. पुस्तक जपणारा माणूस पुष्कळदा अशा वाचकासाठी जपत असतो, जो अजून जन्मलेलाही नसतो. अनामतीचा खरा अर्थ हाच आहे.

उर्दू वाचणाऱ्या तुम्हांला पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयाचे नाव ऐकून माहीत असेल. मौलवी खुदाबख्श खान यांच्या वडिलांना हस्तलिखितांचा नाद होता. मृत्यूपूर्वी त्यांनी आपला सुमारे १,४०० हस्तलिखितांचा संग्रह मुलाच्या हवाली केला आणि तो लोकांसाठी खुला करावा, अशी इच्छा व्यक्त केली. मुलगा वकील होता. त्याने कमाई ओतून संग्रह वाढवला, त्यासाठी इमारत बांधली आणि १८९१ साली ग्रंथालय सर्वांसाठी उघडले. त्या वेळी तेथे सुमारे ४,००० हस्तलिखिते होती. १९६९ साली संसदेने कायदा करून त्या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. वडिलांनी सोपवलेली अमानत मुलाने घरात ठेवली नाही, साऱ्या देशाच्या हाती दिली. आपले दोन खोल्यांचे वाचनालय त्याच्यापुढे फार लहान आहे. पण दोन्ही ठिकाणी दार उघडण्यामागची भावना एकच आहे.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आहे, त्याकडे वळते. तुमच्यापैकी कितीतरी जण म्हणतात, "आपा, ते वाचनालय तर मराठीचे. तेथे आमचे काय काम?"

हा प्रश्न मलाही नववीतल्या एका मुलीने विचारला होता. २०१६ सालची गोष्ट. ती हुशार होती, पण वाचनालयाच्या पायरीवरून परत आली होती. आत उर्दूचे एकही पुस्तक नव्हते. मी ग्रंथपालांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, तोंडी सांगून भागत नाही. अर्ज द्या. मी तो सभेपुढे ठेवतो."

आम्हांला पत्रलेखनाचा पाठ शिकवायचा होताच. त्या दिवशी वर्गाने खोट्या पत्त्यावरचे पत्र लिहिले नाही. खरा अर्ज लिहिला. माननीय अध्यक्ष, विषय, संदर्भ, आपले नम्र, सगळे जागच्या जागी. मुलांसाठी एक उर्दू मासिक आणि काही उर्दू पुस्तके मागवावीत, अशी विनंती केली. खाली सर्व मुलामुलींच्या सह्या. 'विनंती' शब्दातली वेलांटी तीन वेळा तपासली गेली, कारण अर्ज खरोखर वाचला जाणार होता.

सभेत थोडी चर्चा झाली. एका सभासदाने विचारले, की ही पुस्तके वाचणार कोण? प्रश्न रास्त होता. पैसे थोडे होते आणि मागण्या पुष्कळ होत्या. शेवटी असे ठरले, की एक मासिक आणि वीस पुस्तके घ्यावीत. सहा महिन्यांनी नोंदवही पाहावी. पुस्तके बाहेर जात नसतील तर पुन्हा घेऊ नयेत.

मित्रांनो, मासिकाचा पहिला अंक आला, तेव्हा त्याचा पहिला वाचक कोण होता, ठाऊक आहे? आमच्या शाळेतला कोणी नव्हे. टेबलाजवळ रोज वर्तमानपत्र वाचणारे ऐंशी वर्षांचे एक पाटील आजोबा होते. त्यांचे बालपण जालन्याकडे गेले होते. १९४८ पूर्वी जालना हैदराबाद संस्थानात होते आणि तेथील शाळांतून उर्दूतून शिक्षण दिले जाई. आजोबांनी अंक उचलला, उजवीकडून उघडला आणि हळूहळू मोठ्याने वाचू लागले. अडखळत, पण बरोबर. आमच्या मुली दारात उभ्या राहून ऐकतच राहिल्या. आजोबांनी मान वर करून म्हटले, "सत्तर वर्षांनी वाचतो आहे, पोरींनो. चुकलं तर सांगा."

मुली आत आल्या. त्यानंतर त्यांना पायरी अडली नाही.

अडचणी संपल्या असे मात्र नाही. संध्याकाळी वाचनालयात पुरुषांची गर्दी असते, म्हणून काही घरांतून मुलींना जाऊ देत नसत. तो विचारही समजून घेण्यासारखा होता. ग्रंथपालांशी बोलून आम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतरची वेळ ठरवली. मुली चार-पाच जणींच्या गटाने जाऊ लागल्या. एक-दोन आया सोबत आल्या, आणि आपण कशाला रिकामे बसायचे म्हणून त्याही पुस्तके चाळू लागल्या. सहा महिन्यांनी नोंदवही उघडली, तेव्हा वीसपैकी सतरा पुस्तके बाहेर होती. पुढच्या खरेदीत उर्दूचे नाव कोणी खोडले नाही. आणि गंमत अशी, की उर्दू पुस्तके संपल्यावर त्याच मुलींनी शेजारच्या कपाटातली मराठी पुस्तके न्यायला सुरुवात केली. 'किशोर' मासिकाचे जुने अंक तर त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे वाचले. हे मासिक बालभारतीतर्फे १९७१ पासून निघते, आणि त्यातील भाषा तुमच्यासारख्यांना सहज कळेल अशी असते.

माझ्या स्वतःच्या आयुष्यातही वाचनालयाचा वाटा आहे. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. बी. एड. च्या प्रवेशपरीक्षेची पुस्तके विकत घेणे आम्हांला जड होते. वाचनालयात त्यांचा एक संच होता. तो घरी देत नसत, तेथेच बसून वाचावा लागे. आम्ही तिघी मैत्रिणी एकाच पुस्तकाभोवती बसत असू. एक वाचत असे, दुसरी टिपणे काढत असे, तिसरी प्रश्न विचारत असे. तिघींपैकी मी आणि दुसरी एक आज शिक्षिका आहोत. तिसरीचे लग्न लवकर झाले. पण तिची मुलगी आज त्याच वाचनालयाची सभासद आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळे बंद झाले, तेव्हा वाचनालयांनाही कुलूप लागले. राज्यातील ग्रंथालये पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली ती ऑक्टोबरच्या मध्यावर. ज्यांच्या घरी चांगला मोबाइल होता, त्यांचा अभ्यास कसाबसा चालला. ज्यांच्या घरी नव्हता, त्यांना त्या सहा-सात महिन्यांत वाचनालय म्हणजे काय, ते कळले. पाणी आटले, की विहिरीची किंमत कळते, ती अशी.

आज मोबाइल पुष्कळ घरांत आहे. त्यात माहिती भरपूर मिळते, हे खरेच आहे. पण मोबाइल तुम्ही जे मागाल ते आणि तसलेच आणखी दाखवतो. वाचनालयातल्या कपाटात मागितलेल्या पुस्तकाशेजारी न मागितलेले पुस्तक उभे असते. आणि टेबलाच्या पलीकडे एखादे पाटील आजोबा बसलेले असतात.

वाचनालयाला बंद पाडायला कोणी शत्रू लागत नाही. लोक यायचे थांबले, की नोंदवहीची पाने कोरी राहू लागतात. मग वर्तमानपत्रे कमी होतात, उघडे राहण्याचे तास कमी होतात, आणि एक दिवस कुलूप तसेच राहते. ग्रंथपालांचे मानधन थोडे असते. कित्येक जण केवळ आवडीपोटी ते काम करतात. वाचक आला नाही, तर त्यांनी तरी कोणासाठी दार उघडावे? म्हणून तुम्ही तेथे जाऊन वाचता, तेव्हा वाचनालयाला देणगीच देत असता.

जाताना चार गोष्टी पाळा. पुस्तकाचे पान दुमडू नका. त्यात पेनाने रेघा ओढू नका. फाटले असेल तर लपवू नका, ग्रंथपालांना दाखवा, ते डिंकाने चिकटवून देतील. आणि ठरलेल्या तारखेला परत करा. उशीर झाला तर दंड थोडाच असतो. पण ज्याला ते पुस्तक हवे होते, तो रिकाम्या हाताने परत गेलेला असतो. अमानतीत खयानत म्हणतात ती हीच.

पुढच्या वेळी पुस्तक हाती घ्याल, तेव्हा शेवटच्या पानावर चिकटवलेला छापील कागद पाहा. त्यावर एकाखाली एक तारखा असतात. काही दहा वर्षांपूर्वीच्या, काही गेल्या महिन्यातल्या. त्यांतली प्रत्येक तारीख म्हणजे एक माणूस आहे. त्याने ते पुस्तक घरी नेले, वाचले आणि तुमच्यासाठी परत आणून ठेवले. त्या तारखांच्या खाली थोडी जागा अजून कोरी आहे. तेथे आपली तारीख पडू द्या, आणि तिच्याखाली दुसऱ्या कोणाची तरी पडेल, याची काळजी घ्या.